तिघींचं औषध

रिहाबने उशीचा कोपरा दातांत धरला आणि बाळाला छातीशी घेतलं. सुहाने आधी नुसतंच नाक घासलं, मग भुकेने एकदम ओढलं, तशी रिहाबच्या पायाची बोटं गालिच्यावर आवळली गेली. आतून कुणी काच भरडत असावं तसं दुखत होतं. तिच्या पाठीवरून सासूचा हात फिरत होता, मानेपासून कमरेपर्यंत, पुन्हा मानेपासून.

“श्वास सोड,” इन्साफ म्हणाली. “धरून नको ठेवू. सोड, पोरी.”

“सुटत नाही, आई.”

शेवटी सोडलं ते सुहाने. चार घोट घेतले असतील नसतील, ती तोंड बाजूला करून रडायला लागली. भुकेचं रडणं रिहाबला आता ओळखू येत होतं. हे तसलं नव्हतं. खाली कारखान्यात तिच्या नवऱ्याने, बहजतने, लाकूड कापायचं यंत्र सुरू केलं आणि त्या घरघरीत बाळाचं रडणं अर्धंअधिक बुडून गेलं.

इन्साफने नातीला उचललं, खिडकीपाशी नेलं, करंगळीने तिचा ओठ खाली केला. जिभेवर पांढरं होतं. ते गेले काही दिवस होतंच. दोघींनी त्याला दूध समजून सोडून दिलं होतं. इन्साफने ओल्या फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून जिभेवरून फिरवलं. काही निघालं नाही. गालाच्या आतल्या बाजूला जरा जोर लावला तेव्हा एक पापुद्रा सुटला, आणि त्याखाली लालभडक. फडक्याला रक्ताचा ठिपका लागला.

“दूध नाही हे,” ती म्हणाली. “दूध असं चिकटून बसत नाही. ऊठ. डॉक्टरीणबाईंकडे जायचं.”

“आत्ता? पावाचं पीठ फुगत ठेवलंय तुम्ही.”

“फुगू दे. उतू जाऊ दे. ऊठ.”

रिहाब शाळेत होती तेव्हाच तिची आई वारली होती. त्यामुळे बाळंतपण सासरी झालं, आणि सासरच्या बाळंतपणाबद्दल दमियात शहरातल्या बायका जे सांगत ते ऐकून ती आधीपासूनच धास्तावलेली होती. पण सिझेरियनची जखम चिघळली, जबर गोळ्या सुरू झाल्या, तिला कुशीवर वळता येईना, तेव्हा तिचे केस विंचरण्यापासून तिचे खराब झालेले कपडे धुण्यापर्यंत सगळं इन्साफने केलं. वेळेवर मेथीचं गरम पाणी, कबुतराचा रस्सा. बघायला येणाऱ्या बायकांना ती स्वयंपाकघरातच बसवून ठेवायची. “माझी सून झोपलीय,” एवढंच सांगायची, सून जागी असली तरी.

नातवंड येणार हे कळल्याबरोबर इन्साफने उरलेसुरले दात काढून टाकले होते आणि बाळाच्या सातव्या दिवसाच्या समारंभापर्यंत नवी कवळी तयार ठेवली होती. त्या दिवशी मेणबत्त्या घेऊन घरभर फिरताना ती तोंडभर हसत होती. तेव्हापासून तिने कवळी काढून ठेवलेली कुणी पाहिली नव्हती. झोपतानाही ती तोंडातच असे.

“पोरगी डोळे उघडेल नि समोर बोळकं दिसेल,” ती म्हणायची. “घाबरेल ना बिचारी.”

वस्तीतल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर मीरवत यांनी बाळाच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला, मग रिहाबकडे वळल्या.

“आता तुझं दाखव.”

रिहाबने सासूकडे पाहिलं. इन्साफने तोंड भिंतीकडे केलं आणि तिथल्या लसीकरणाच्या तक्त्यात डोकं घातलं.

“बुरशी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “यीस्ट. बाळाच्या तोंडात आणि तुझ्या छातीवर, दोन्हीकडे तीच.”

“यीस्ट म्हणजे खमीर?” इन्साफ भिंतीकडूनच म्हणाली. “पावातलं? माझ्या नातीच्या तोंडात?”

“त्याच गोतावळ्यातली, पण ती नव्हे, हज्जा. ही आपल्या सगळ्यांच्या अंगावर असते, तोंडात असते. गप बसून असते. जखमेसाठी हिने गोळ्या घेतल्या, त्यांनी वाईट जंतू मेले तसे चांगलेही मेले. धाकात ठेवणारं कुणी उरलं नाही, तशी ही पसरली. ओल आणि ऊब मिळाली की तिला आणखी काही लागत नाही.”

“म्हणजे माझंच चुकलं,” रिहाब म्हणाली.

“गोळ्या घेतल्या नसत्यास तर आज इथे बसली नसतीस. चुकलं कुणाचंच नाही.” डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. “दूध पिऊन झालं की बाळाच्या तोंडात हे थेंब, जिभेवर आणि गालांत नीट फिरवायचे. तुला हे मलम. छाती कोरडी ठेव, ओले कपडे लगेच बदल. बाळाची चोखणी रोज उकळा. आणि पांढरं गेलं म्हणून औषध थांबवायचं नाही. दोघींचं बरोबरच चालू ठेवायचं. एकीचं सुटलं तर ती दुसरीला परत देणार.”

घरी आल्यावर इन्साफने सगळा कारभार हातात घेतला. थेंबांची वेळ झाली की ती हातातलं काम टाकून यायची. रिहाबचे कपडे गच्चीवर कडक उन्हात वाळत पडायचे. सकाळी चहाच्याही आधी चुलीवर चोखणीचं भांडं चढायचं. पांढरं गेलं. सुहा पोटभर प्यायली, झोपली, बाळसं धरायला लागली, आणि मग एके सकाळी जिभेच्या कडेला दह्याच्या कणांसारखं काहीतरी पुन्हा दिसलं. डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं. पुन्हा गेलं. पुन्हा आलं.

रिहाब आता दूध पाजायच्या आधीपासूनच घामाघूम व्हायची. पाजून झालं की तासभर कापड अंगाला लागलेलं सहन व्हायचं नाही. बाळाचं वजन वाढायचं थांबलं. एकदा जेवताना बहजत, हाताला लागलेलं वॉर्निश पुसत पुसत, चांगल्या मनाने म्हणाला, “डब्याचं दूध आणू का? कितीतरी मुलं वाढतात त्याच्यावर.”

रिहाबने घास खाली ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी ताटातच पडायला लागलं.

“तुला कुणी विचारलं?” इन्साफ मुलावर उखडली. “खुर्च्यांचे पाय कोरता येतात म्हणून सगळ्यातलं कळतं होय?”

“मी वाईट काय बोललो, आई?”

“काही नाही. जेव आणि जा खाली.”

तो खाली गेला तशी इन्साफने डोक्यावरून ओढणी घेतली आणि बाहेर पडली. परत आली तेव्हा तिच्या पिशवीत दुधाचा डबा होता. तिने तो फडताळात, रिहाबचा हात पोचेल अशा कप्प्यात ठेवला.

“हा इथे आहे,” ती म्हणाली. “वाटलं तर उघड, नाही वाटलं तर राहू दे. बाटली मी धुवेन. कुणी काही बोललं तर त्याला माझ्याकडे पाठवून दे.”

रिहाबने डबा उघडला नाही. पण तो तिथे आहे, आणि उघडला तरी या घरात कुणी तोंड वाकडं करणार नाही, एवढ्या आधारावर तिला आणखी थोडं सोसता येईल असं वाटलं.

पुढच्या खेपेला ती बाळाला घेऊन एकटीच गेली. शुक्रवारसाठी बदक आणलं होतं आणि इन्साफला ते साफ करायचं होतं. तिचं तोंडही दुखत होतं. कवळी अजून रुळली नाही, असं ती म्हणत होती.

डॉक्टर मीरवत यांनी बाळाचं तोंड पाहिलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

“थेंब नीट पडतात?”

“हो.”

“मलम?”

“एकदाही चुकलेलं नाही.”

“चोखणी उकळता ना?”

“रोज सकाळी. आईंचा नेमच आहे तो.”

“आणि दिवसभरात खाली पडली तर?”

रिहाब उत्तर द्यायला गेली आणि थांबली. कारखान्याच्या वरचं घर. कितीही झाडा, जमिनीवर भुसा असायचाच. चोखणी पडते. इन्साफ वाकते, बोलता बोलताच ती स्वतःच्या तोंडात घालते, चोखून स्वच्छ करते आणि सुहाच्या तोंडात देते. दिवसातून किती वेळा ते सांगता आलं नसतं. रिहाबच्या आत्या असंच करायच्या. तिच्या आईनेही केलं असेल. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं डोळ्यांना कधी वाटलंच नव्हतं.

तिने सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिल्या.

“त्यांच्या तोंडाला काही त्रास आहे?”

“ओठांचे कोपरे चिरलेत. आणि हल्ली पाव रश्शात भिजवूनच खातात. काकडी, मुळा काही नको म्हणतात. नवी कवळी आहे ना.”

“रात्री काढून ठेवतात?”

“नाही.” रिहाबने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. “म्हणजे हे सगळं त्यांच्यामुळे…”

“असं म्हणू नकोस. कुणाकडून कुणाला गेलं हे कुणीच सांगू शकत नाही. बाळाकडून त्यांनाही गेलं असेल. पण तिघींपैकी दोघींनाच औषध दिलं तर ते तिसरीकडे जाऊन वाट बघत बसणार, हे नक्की. त्यांना घेऊन ये.”

“त्यांना हे कळलं तर त्या बाळाला परत हात लावायच्या नाहीत.”

डॉक्टरांनी जरा विचार केला. “कसं सांगायचं ते तू बघ,” त्या म्हणाल्या. “घेऊन ये म्हणजे झालं.”

दाराशी टुकटुक रिक्षा उभी होती. रिहाबने मानेनेच नको म्हटलं आणि ती नदीच्या कडेने चालत निघाली. तिला राग आला होता. उशीचे चावलेले कोपरे, बाळाचं ते हुंदके देत तोंड फिरवणं, सगळे आठवडे तिच्या डोळ्यांसमोर आले. एका चोखणीपायी! धुवायला नळ नव्हता? पुलापर्यंत ती मनातल्या मनात भांडत गेली, मोठमोठ्याने, जे आयुष्यात कधी बोलली नसती ते सगळं बोलत. पुलावर वारा होता. तिने बाळाच्या डोक्यावर दुपटं ओढलं आणि कठड्याला टेकून उभी राहिली. भांडायला शब्द अजून होते, पण दरवेळी तिच्या पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, एक हात फिरायला लागायचा आणि पुढचं वाक्य पुरं व्हायचं नाही.

इन्साफ स्वयंपाकघरात बदकाच्या पोटात कांदा भरत होती.

“काय म्हणाल्या?”

“औषध बदललंय,” रिहाब म्हणाली. तिने बाळाला पाळण्यात ठेवलं, हात धुतले, जरुरीपेक्षा जास्त वेळ धुतले. “म्हणाल्या, माझ्याकडून ते घरात सगळ्यांना लागू शकतं. तुम्हालाही लागलं असेल. तुमचं तोंड दाखवायला सांगितलंय.”

इन्साफचा हात बदकाच्या पोटातच थांबला.

“तुझ्याकडून?”

“गोळ्या मी घेतल्या होत्या ना.”

“हं.” इन्साफने पुन्हा कांदा भरायला घेतला. मग म्हणाली, “माझं काय दाखवायचं? कवळी आहे. लाकडाचीसुद्धा नवी वस्तू रुळायला वेळ लागतो.”

“मला तरी दाखवा.”

“तुला? काहीतरीच काय!”

“आई, तुम्ही माझं काय काय पाहिलंत. मी नाही म्हटलं कधी?”

इन्साफने हात धुतले. दाराकडे पाहिलं, मुलगा खालीच आहे याची खात्री करून घेतली, आणि पाठ करून कवळी काढली. वळली तेव्हा तिचा हात तोंडावर होता. हात बाजूला झाला तेव्हा तिचा चेहरा एकदम लहान झाला, गाल आत गेले, आणि डोळे रिहाबवर असे लागून राहिले, जणू ती आता हसेल.

रिहाबने मोबाइलचा उजेड आत टाकला. टाळू लाल होती, कवळीच्या आकाराएवढीच, कडा आखून घेतल्यासारख्या. कुठे कुठे पांढरे कण. हे तोंड घेऊन ही बाई रोज पाव खात होती, रोज हसत होती.

“किती दुखत असेल,” रिहाब म्हणाली.

“तुझ्याएवढं नाही,” इन्साफ म्हणाली. दातांशिवाय शब्द मऊ निघाले.

“डिट्टो सुहा दिसताय.”

इन्साफने तिला चापट मारली, मग बोळक्या तोंडाने हसायला लागली, आणि ते हसू आवरेना तसं पुन्हा हात तोंडावर नेला.

आरोग्य केंद्रात या वेळी रिहाब बाहेरच्या बाकावर बसली. सुहा रडत होती आणि आत एकाच खुर्चीची जागा होती. दार बराच वेळ बंद राहिलं. उघडलं तेव्हा इन्साफच्या बोटाला कापूस लावलेला होता आणि चेहरा पडला होता.

“साखर वाढलीय म्हणे,” तिने जाहीर केलं. “पाकातलं मुशब्बक बंद.”

“अगदी बंद,” डॉक्टर तिच्यामागून म्हणाल्या.

“दमियातमध्ये राहून? गल्लीगल्लीत कढई चढलेली असते, बाई. डोळे झाकून चालू का मी?”

“झाका. साखर जास्त असली की या बुरशीला मेजवानीच. तोंड दाखवायला आलात म्हणून कळलं, हज्जा. नाहीतर पायाची जखम भरेना झाली असती तेव्हा कळलं असतं.” त्या रिहाबकडे वळल्या. “कवळी रात्री काढून, घासून, औषधाच्या पाण्यात ठेवायची. तोंडाला हे. तिघींचं आजपासून एकदमच.”

परतीच्या वाटेवर टुकटुकमध्ये इन्साफ बोटावरचा कापूस दाबून बसली होती. एका मिठाईच्या दुकानासमोरून जाताना मात्र ती मान वळवून मागे पाहत राहिली.

“आत काय बोलणं झालं?” रिहाबने भीत भीत विचारलं.

“काय होणार? डॉक्टर बोलल्या, मी ऐकलं.”

तिघींच्या बाटल्या एकाच खिडकीत उभ्या राहिल्या. दूध पाजून झालं की बाळाचे थेंब, मग आईचं मलम, मग आजीचं तोंड. बहजत वर आला की विचारायचा, “आज कोण राहिलंय औषधाचं?” आणि आई त्याला हाकलून लावायची. चोखण्या आता डबीत चार असत, उकळलेल्या. एक पडली की ती सरळ बेसिनमध्ये जायची आणि दुसरी निघायची. रिहाबने हे सुचवलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल, असं ती समजून चालली. इन्साफने कवळी रात्री पेल्यात ठेवायला सुरुवात केली आणि पहिल्याच सकाळी तिला बोळक्या तोंडाने समोर पाहून सुहा घाबरली तर नाहीच, खुदकन हसली.

“बघितलंस?” इन्साफ म्हणाली. “आपल्यातली समजली मला.”

मग एक दुपार आली. बाहेर कुणीतरी पलंगाच्या फळ्या हातगाडीवर चढवत होतं. रिहाबने बाळाला घेतलं, खांदे ताठ केले, डोळे मिटले आणि वाट पाहिली. सुहा ओढायला लागली. एक घोट, दुसरा, गिळल्याचा आवाज. रिहाब वाट पाहतच राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं तसा पाठीमागून इन्साफचा हात आला.

“काय झालं? परत? फार होतंय का गं?”

“काहीच होत नाहीये,” रिहाब म्हणाली. “काहीच होत नाहीये, आई.”

इन्साफ तिथेच जमिनीवर बसली. तिने सुनेच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि ती हळूहळू, ओठांतल्या ओठांत देवाचे आभार मानत राहिली. सुहा मधूनच थांबून एका डोळ्याने खाली आजीच्या पांढऱ्या केसांकडे पाहायची आणि पुन्हा प्यायला लागायची. फडताळातला डबा नंतर कुणाला तरी देऊन टाकला.

सुहा बसायला लागली, तिला वरचं खायला द्यायची वेळ आली, त्या दिवशी शेजारची उम्म हाझिम आली होती. तिने पाच मुलं वाढवली होती आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. रिहाब स्वयंपाकघरात उकडलेला भोपळा वाटीत कुस्करत होती. पुढच्या खोलीतलं बोलणं तिला ऐकू येत होतं.

“भोपळा कसला देता?” उम्म हाझिम म्हणत होती. “पहिला घास खजुराचा असावा. थांब, मी चावून मऊ करते नि देते. माझ्या पाचही पोरांना मी अस्साच…”

“नको.”

इन्साफचा आवाज मोठा नव्हता, पण उम्म हाझिमचं बोलणं मध्येच थांबलं.

“का गं, हज्जा? माझ्या तोंडाला काय झालंय?”

“तुझ्या नाही. माझ्या झालं होतं. ही आजारी होती ना, ते माझ्या तोंडातून गेलं तिच्या तोंडात.”

रिहाबचा चमचा वाटीत थांबला.

“कुणी सांगितलं तुला असलं?”

“कुणी नाही. मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, माझ्यामुळे झालं का? तर त्या म्हणाल्या, कुणाकडून कुणाला गेलं ते सांगता येत नाही. इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की मला तेव्हाच कळलं.”

“आणि सून? ती काही बोलली नाही?”

“बोलली की.”

“काय?”

“म्हणाली, तिच्या स्वतःकडून आलं. मला लागलं असेल तेही तिच्याचकडून.” जरा वेळ नुसता सुहाचा हुंकार ऐकू आला. “म्हणू दे तिला. मी काही बोलत नाही. तूही बोलायचं नाहीस.”

उम्म हाझिमने हातातला खजूर खाली ठेवला.

रिहाब वाटी हातात घेऊन दारापर्यंत आली होती. ती तिथेच, पडद्याच्या अलीकडे उभी राहिली. तिने भोपळ्यावर हळूच फुंकर घातली.

“अगं, आणतेस ना?” पलीकडून इन्साफची हाक आली. “नात ताटकळलीय माझी.”

“आणते, आई,” रिहाब म्हणाली. “अजून गरम आहे.”